बंबाला घाम येतो

१८ डिसेंबर १९८८, रविवार

डॉक्टर म्हणाले, "द्रौपदीबाई, राग आला की बोलायचं नाही, लिहून काढायचं. ब्लडप्रेशर उतरेल." म्हणून ही डायरी. चिंतू सूतवाल्या शेठकडे हिशेब लिहितो, त्याला ती जानेवारीत मिळाली होती. वर्षभर कोरी पडली होती, आता ऐन डिसेंबरात तिचं नशीब उघडलं.

तर राग. आज सकाळी चिंतू न्हाणीघरातून ओरडला, "आई, बंब गळतोय!" मी सांगितलं, बंब गळत नाही, थंडीत तांब्याला घाम येतो. तो म्हणाला, घाम असा धार लागून येत नाही. बायको आल्यापासून पोराची जीभ फार चालायला लागली आहे. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही.

बंब माझा आहे. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी दिला. सासूबाईंनी मरेपर्यंत मला कपाटाच्या किल्ल्या दिल्या नाहीत, पण बंबाला कोणाला हात लावू दिला नाही मी. पहाटे उठून मी विस्तव घालायचा, पाणी तापलं की मी एकेकाला हाक मारायची. आधी हे, मग चिंतू, मग मी, शेवटी उरेल त्यात सून. मी "या, पाणी काढलंय" म्हटल्याशिवाय या घरात कोणाच्या अंगावर पाणी पडलेलं नाही. हे कोर्टात शिरस्तेदार होते. तिथे लोक यांना वाकून नमस्कार करायचे, आणि घरी हे खांद्यावर टॉवेल टाकून माझ्या हाकेची वाट बघत बसायचे. अजूनही बसतात.

बंब गेला तर मला या घरात कोण विचारणार? हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

२० डिसेंबर, मंगळवार

घाम जरा वाढला आहे. साबण आणि चुना कालवून बुडाला लिंपला. आमच्या आईचा उपाय, मातीच्या घागरीलासुद्धा चालायचा.

विस्तव घातला. आमच्याकडे जळणाला कांड्या असतात. शेजारच्या कारखान्यातला कोंडू मोडक्या लाकडी कांड्या पोत्यात भरून आणून देतो. लूमवर त्यांच्यावर सूत गुंडाळलेलं असतं आणि त्या तेल पिऊन पिऊन इतक्या तृप्त झालेल्या असतात की काडी दाखवली की पेटतात. पण आज बुडातलं पाणी विस्तवावर आलं आणि नुसता धूर झाला. साबणाचा फेस राखेतून वर आला. हे खोकत बाहेर येऊन म्हणाले, "ही आंघोळ होती की धुपारती?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी बोलले नाही, लिहिते आहे.

२२ डिसेंबर, गुरुवार

साबण वाहून गेला म्हणून आज घट्ट कणीक मळून भेगेत भरली. आमची सून सुनीती म्हणाली, "आई, कणकेनं भागेल का?" मी म्हटलं, तुला अजून पुष्कळ शिकायचंय.

कणीक छान भाजली गेली. इतकी छान की चिंतू न्हाणीघरात शिरताना म्हणाला, "आज पोळ्या लवकर केल्यास?" भाजून आकसली आणि टणकन खाली पडली. हे तिला चांदकी म्हणाले आणि मला तूप देऊ का विचारलं. सुनीती तोंडाला पदर लावून पळाली. हसत असावी. तिचा मला राग आला नाही, कारण हसताना ती बरी दिसते. एरवी फार गप्प असते पोर. मुलुंडची आहे, तिच्या माहेरी भिंतीवर गिझर आहे, नळ सोडला की गरम पाणी. कोणी कोणाला हाक मारायला नको. तिथे सगळे आपापले आंघोळ करून आपापले निघून जातात म्हणे.

२४ डिसेंबर, शनिवार

अंजूरहून बाळाराम डागवाला आला. बंब उलटा केला, आत डोकं घातलं आणि आतूनच बोलला, "मावशी, याचा बूड सरलाय. डाग लावून टिकनार न्हाय. नवा बूड बसवावा लागंल."

मी म्हटलं, बूड तुझं सरलं असेल. डाग लाव.

त्यानं कथील वितळवून डाग लावला आणि पक्का बसला का बघायला हातोडी मारली. ज्या जागी मारली तिथे आरपार उजेड दिसायला लागला. "बगा, आदी एक भोक होता," म्हणाला. मग दुसऱ्याला डाग लावला. मी हातोडी काढून घेतली म्हणून तिसरं भोक वाचलं. वर आणि जाताना मलाच शहाणपण शिकवतो, "रिकाम्या बंबात इस्तू घालू नका हां मावशी, डाग वितळतो." अरे, मी बंबाशी जन्म काढला! रिकाम्या बंबात विस्तव घालणारी बाई अजून भिवंडीत जन्माला यायची आहे.

दिवसभर डाग थंड होऊ द्यायचा म्हणून उद्या बंब बंद.

२५ डिसेंबर, रविवार

यांनी टूम काढली की सगळे अकलोलीला जाऊ, कुंडात फुकट गरम पाणी आहे. एस.टी.नं गेलो. पाणी कसलं, उकळतंच. हे पाय बुडवून "हाय हाय" करत नाचले. मग मोठ्या हिमतीनं आंघोळ करून सगळे एस.टी.च्या खिडकीत बसून ओल्या केसांनी परत आलो. घरी येईपर्यंत चौघांनाही शिंका. चिंतू म्हणाला, "आता रोज आंघोळीला वज्रेश्वरीची एस.टी. धरायची का?"

न्हाऊन झाल्यावर मी कुंडाच्या काठावर बसून बघत होते. तिथे कोणी कोणाला बोलवत नव्हतं. ज्याला हवं तो उतरत होता. देवीचं पाणी आहे, आपण काय बोलणार.

३० डिसेंबर, शुक्रवार

आज माझ्या उरावर गिझर आणला.

चिंतूला शुक्रवारची सुट्टी असते, लूम बंद, बाजार बंद. सकाळीच फिटर घेऊन आला. भिंतीला भोकं पाडली, पांढरा पिंप टांगला, लाल दिवा लागला. थोड्या वेळात तोटीतून वाफा. फिटर मला म्हणतो, "माँजी, हाथ मत लगाना, जल जाएगा." चिंतूचा चेहरा असा की जणू वीज त्यानंच शोधून काढली.

मी म्हटलं, बंब जागचा हलणार नाही. बरीच बोलाचाली झाली. (डॉक्टर, माफ करा.) शेवटी हे मध्ये पडले, आणि शिरस्तेदारच ते, निकाल दिला. भोगीला सुनीतीची आई येणार आहे, सुनीतीची पहिली संक्रांत म्हणून. तोपर्यंत बंब राहील. भोगीच्या दिवशी पाहुणीला बंबाच्या पाण्यानं नीट आंघोळ घालता आली तर बंब घरात. नाही आली तर मोडीत.

मी हो म्हटलं. नाही म्हणून काय करते? आत जाऊन देवापुढे बसले. इतक्या वर्षांची माझी जागा, आणि एका पांढऱ्या पिंपानं घेतली. कानामागून आला आणि तिखट झाला.

३१ डिसेंबर, शनिवार

देव आहे! आज गिझरनं कोमट पाणी दिलं!

चिंतू टॉवेल गुंडाळून उभा, लाल दिव्याकडे बघतोय आणि दिवासुद्धा मिणमिण करतोय. मला तेव्हाच कळलं, आणि मी हसून हसून खाली बसले. शुक्रवारी लूम बंद म्हणून सगळ्या भिवंडीची वीज आमच्या न्हाणीघरात आली होती. आज लूम सुरू, आता बस म्हणावं खटखट ऐकत. स्वतः सूतवाल्याकडे नोकरी करतो आणि शुक्रवारी गिझरची परीक्षा घेतो! अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

चिंतू म्हणाला, तापतो, फक्त वेळ लागतो. पहाटे चारला बटण दाबलं तर सहाला कडक पाणी मिळेल. मी म्हटलं, मग ऊठ चारला. उठणार आहे थोडाच.

२ जानेवारी १९८९, सोमवार

नवी डायरी. वर्ष वाईट सुरू झालं. बाळारामचे डाग दोन्ही सुटले. रात्री बंब काठोकाठ भरला, सकाळी बघते तर अर्धा. जे उरलं होतं त्यानं विस्तव विझवला. मी पाटावर बसून फुंकत राहिले. भोगी आली, आणि हा असा.

सुनीती मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. "आई, डोळे का पुसताय?" म्हणाली. मी म्हटलं, धूर. ती म्हणाली, "विस्तव तर विझलाय." फार बघते ही पोर. मग थोडा वेळ तिथेच घुटमळली आणि विचारलं, "बंब रोज मी भरू का? तुमची कंबर दुखते. विस्तव मात्र तुम्हीच घाला, मला जमत नाही."

विस्तव आपल्याला जमत नाही, हे कळायलासुद्धा अक्कल लागते. मी हो म्हटलं.

४ जानेवारी, बुधवार

चमत्कार! आज पहाटे बंब काठोकाठ भरलेला. म्हणजे थेंबही गळला नाही. चार कांड्या घातल्या, जाळ नीट लागायच्या आत तोटी सोडून बघते तर पाणी कडकडीत! हे आंघोळ करून आले आणि म्हणाले, "आज पाठ भाजली गं."

मला वाटतं, बाळारामचा डाग आधी सुटला आणि मग बसला. तांबं जुनं असलं की स्वतःच सांधतं, असं आमची आई म्हणायची. चिंतू तोंड उघडं टाकून बघत होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

६ जानेवारी, शुक्रवार

आता रोजचंच झालं आहे. आज तर विस्तव पेटलाच नाही, कांड्या ओल्या होत्या, तरी पाणी गरम! जुन्या तांब्याची ऊब रात्रभर टिकते. मी हे शेजारणींना सांगितलं. दोघी बघायला आल्या आणि बंबाला हात लावून गेल्या.

सुनीती मात्र हल्ली सकाळी पेंगत असते. पायऱ्या चढताना कंबर धरते. साडीचा काठ ओला. म्हटलं, लवकर उठून सडा घालतेस का? "हो," म्हणाली. पण अंगण तर कोरडं असतं.

९ जानेवारी, सोमवार

आज देवापुढे साखर ठेवली. आनंदानं.

सुनीती दुपारी तीळ निवडता निवडता ताटावर झोपली. गालाला तीळ चिकटलेले. मी बघत राहिले. जांभया, कंबर दुखणं, दिवसा झोप, सकाळी तोंड उतरलेलं. मी काय दुधखुळी आहे? पण तोंडानं विचारलं नाही, दृष्ट लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

संध्याकाळी दूध आटवून दिलं, वर डिंकाचा लाडू. ती म्हणाली, "आई, मला एवढं नको." मी म्हटलं, खा, आता तुला एकटीपुरतं खाऊन चालणार नाही. ती माझ्याकडे बावरून बघायला लागली. पहिलटकरणी सगळ्या अशाच बावरतात.

चिंतूला काही माहीत नाही. त्याला काय, तो अजून पहाटे चारला उठायच्या गोष्टी करतोय आणि आठपर्यंत घोरतोय.

१२ जानेवारी, गुरुवार

विहीणबाई आल्या. शुभदाताई. केस कापलेले, पण स्वभावानं बऱ्या. आल्या आल्या न्हाणीघर पाहिलं आणि म्हणाल्या, "अय्या, गिझर असून बंब?" मी म्हटलं, गिझर दाखवायला आहे, पाणी बंबाचं.

मग मला राहवलं नाही. तिळाच्या वड्या थापताना त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी हातातलं उलथणं टाकलं आणि धावत जाऊन सुनीतीला मिठी मारली. डोळ्यांतून पाणी. सुनीतीला वाटलं संक्रांतीचं कौतुक चाललंय. "मम्मी, अगं वर्षातून एकदाच येते, एवढं काय," म्हणाली. मी विहीणबाईंना डोळ्यांनी खुणावलं, अजून बोलू नका. त्यांनीही मान हलवली. पहिल्यांदाच आमचं दोघींचं एकमत झालं.

त्यांचं अंथरूण मधल्या खोलीत घातलं आहे, न्हाणीघराला लागून. उद्या भोगी. तीळ घालून पाणी काढणार. बंबा, लाज राख रे बाबा.

१३ जानेवारी, शुक्रवार. भोगी

सगळं क्रमानं लिहिते. डोकं ठिकाणावर नाही, तरी लिहिते.

पहाटे उठले. न्हाणीघरात कोणी नव्हतं. गिझरचा लाल दिवा लागलेला होता, म्हटलं चिंतू शेवटी उठला वाटतं. आज पाहुणीचा मान म्हणून बंबात कांड्या चांगल्या ओंजळीभर घातल्या, वर लूमचे दोन मोडके लाकडी धोटे. जाळ असा लागला की काय सांगू. तेवढ्यात मधल्या खोलीतून विहीणबाईंचा आवाज चढला, "बादल्या उचलतेस? अगं, या दिवसांत बादल्या उचलतेस?"

मी धावले. सुनीती दाराशी उभी, हातात रिकामी बादली, आणि विहीणबाईंनी तिचं मनगट धरलेलं. मला बघून त्या कडाडल्याच, "विहीणबाई, पोरीला दिवस गेलेत असं तुम्हीच सांगितलंत ना? आणि पहाटे चारपासून तिच्याकडून पाणी भरून घेता?"

"कोणाला दिवस गेलेत?" सुनीती म्हणाली.

चिंतू डोळे चोळत आला. "कोणाला दिवस गेलेत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मग त्या जांभया कसल्या?"

सुनीतीनं बादली खाली ठेवली. "आई, मी रोज चारला उठते. बंब रात्रीतून रिकामा होतो. मी गिझर लावते आणि तापलेलं पाणी त्यात भरते. मग तुम्ही उठायच्या आत फरशी पुसते."

मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. त्या शेजारणींनी हात लावून बघितलेला बंब. जुन्या तांब्याची ऊब!

विहीणबाई म्हणाल्या, "अगं पण कशाला? गिझर आहे ना?"

सुनीती खाली बघत बोलली, "बंब गेला तर ह्या मला सकाळी हाका मारणार नाहीत. मला आवडतं ते. मुलुंडला आपल्याकडे मला कोणी आंघोळीला हाक मारत नव्हतं." विहीणबाईंनी मनगट सोडलं. "आणि मम्मी, ह्या चिडल्या की मला भीती वाटत नाही. गप्प बसल्या की वाटते. दोन तारखेला दिवसभर गप्प होत्या."

मला रडूच आलं. सगळ्यांसमोर, भोगीच्या दिवशी. एवढ्याशा पोरीनं थंडीत बादल्या वाहिल्या, आणि मी शेजारणींना बंबाचं कौतुक सांगत फिरले. मी तिला जवळ ओढलं, ती ओलीचिंब होती. मग एकदम डोक्यात आलं.

"सुनीती, आज किती बादल्या घातल्यास?"

"एकही नाही. पहिल्याच बादलीला मम्मीनं धरलं."

न्हाणीघरातून टण् आवाज आला.

तोटी गळून फरशीवर पडली होती. डाग वितळून बुडातून टपटपत होता, आणि आत कांड्या होळीसारख्या पेटलेल्या. चिंतूनं बादलीभर पाणी मारलं. तापल्या तांब्यावर पाणी पडल्यावर वाफ आणि राख अशी उसळली की मागे उभ्या असलेल्या विहीणबाई डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झाल्या. बूड फरशीवर उतरलं. वरचं नुसतं नळकांडं उभं राहिलं.

धुरातून हे आले, खांद्यावर टॉवेल. "पाणी काढलंय का?"

आधी विहीणबाई हसायला लागल्या, मग सुनीती, मग मी. चिंतूला कळेना हसावं की विझवावं. शुक्रवार होता, गिझरला भरपूर वीज होती, विहीणबाईंनी मनसोक्त न्हाऊन घेतलं. राख निघायला तीनदा साबण लागला.

मी दुपारी बाळारामला निरोप धाडला, मोड घेऊन जा. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. निकाल निकाल असतो.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत

लूम पुन्हा सुरू. पहाटे चारला मीच उठले आणि गिझरचं बटण दाबलं. सुनीतीच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि चिंतूला बाहेर बोलावून सांगितलं, तिला उठवलंस तर याद राख.

साडेसहाला सगळे रांगेत. हे टॉवेल घेऊन, चिंतू टॉवेल घेऊन, विहीणबाई मुलुंडहून आणलेला फुलाफुलांचा टॉवेल घेऊन. विहीणबाई म्हणाल्या, "सण आहे, लवकर आटपायला हवं."

मी न्हाणीघराच्या दारात पाट टाकून बसले. म्हटलं, आजचं तापलेलं पाणी सगळं सुनीतीचं आहे. ती झोपली आहे. उठेल तेव्हा उठेल.

"आधी माझा नंबर असतो," हे म्हणाले.

"असायचा," मी म्हटलं.

चिंतू म्हणाला, आई, गिझर माझा आहे. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो ओट्यावर जाऊन बसला. हे त्याच्या शेजारी बसले. विहीणबाईंनी टॉवेल खांद्यावर टाकला, मग त्याही जाऊन बसल्या. बाहेर लूम खटखटत होते.

सूर्य चांगला वर आल्यावर सुनीती धडपडत बाहेर आली, केस मोकळे, "उशीर झाला, उशीर झाला" करत. तिघांना टॉवेल घेऊन बसलेलं बघून ती जागच्या जागी थबकली.

मी हाक मारली, "ये गं, पाणी काढलंय."

ती सावकाश न्हाली. आतून गाणं गुणगुणत होती, मी ऐकलं. बाकीच्यांनी गार पाण्यानं आंघोळी केल्या, विहीणबाईंनीसुद्धा.